भावाला साऊंड इंजिनिअर व्हायचंय, शेत विकून कोर्स लावावा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ बारावी सायन्स झालाय, ५८ टक्के. दोन वर्षांपासून पाचोऱ्याकडच्या मंडपवाल्याबरोबर रात्री-अपरात्री साऊंडवर जातो. आता मुंबईच्या एका संस्थेचं ऑडिओ इंजिनिअरिंगचं पत्रक घेऊन आलाय. वर्षभराची फी, राहणं, खाणं धरून खर्च सहा लाखांच्या घरात जातो आणि वडील म्हणतायत की कपाशीचं एक एकर काढून टाकू. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, म्हणून विचारताय की या लाईनला रीतसर शिक्षण असतं का, आणि असलं तर सुरुवात कुठून करायची.

शेत विकू नका. निदान या वर्षी तरी नाही. कोर्स वाईट असतो असं मी म्हणत नाही. चुकीच्या वेळी केलेला कोर्स मात्र फार महाग पडतो, आणि तुमच्या भावाची ती वेळ अजून आलेली नाही. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी १९९८ साली भुसावळला एका साऊंडवाल्याकडे लागलो. रात्रीची हजेरी ६० रुपये. सामान म्हणजे अहुजाचे दोन ॲम्प्लिफायर, चार भोंगे, दोन कॉलम आणि एक माईक, ज्याची जाळी चेपून सपाट झालेली. पुढे आयटीआय केलं, मग पुण्यात एका भाड्याने सामान देणाऱ्या कंपनीच्या गोदामात सहा वर्षं काढली आणि परत जळगावला येऊन स्वतःचं सामान घेतलं. म्हणजे कॉलेजात जाऊन शिकलेला मी नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्याकडे कोर्स केलेली मुलंही आली आणि थेट मंडपातून उचललेली पोरंही आली. दोन्हींचं काय होतं ते जवळून पाहिलंय.

आधी एक गफलत दूर करू. पत्रकात जो फोटो असतो, काचेमागे भलामोठा मिक्सर, कानाला हेडफोन, पलीकडे गायिका, तो स्टुडिओ आहे. ऑडिओ इंजिनिअरिंग नावाचे बरेचसे कोर्स मुळात रेकॉर्डिंगचे असतात आणि लाईव्ह साऊंड त्यात एखादा विषय म्हणून येतो. स्टुडिओत चूक झाली तर परत घेता येतं. लाईव्हमध्ये समोर पाच हजार माणसं बसलेली असतात आणि पाहुणे भाषणाला उभे राहिल्यावर माईक गेला तर तो त्याच सेकंदाला परत आला पाहिजे. दोन्ही कामांत वापरायचं ज्ञान बरंचसं एकच आहे. अंगात मुरवायच्या सवयी वेगळ्या आहेत.

शिवाय लाईव्हमध्येही एकच काम नसतं. मोठ्या शोला मिक्सरवर बसून लोकांना ऐकू जाणारा आवाज बनवणारा वेगळा, स्टेजवरच्या कलाकारांना त्यांचा स्वतःचा आवाज पोचवणारा मॉनिटरवाला वेगळा, स्पीकर टांगून त्यांचं गणित जुळवणारा सिस्टिमवाला वेगळा, कॉर्डलेस माईकच्या फ्रिक्वेन्सी सांभाळणारा वेगळा आणि स्टेजवर माईक लावून केबल जोडणारी पोरं वेगळी. आपल्या खान्देशात हे सगळं बहुतेक वेळा एकच माणूस करतो, वर जनरेटरमध्ये डिझेलही तोच ओततो. शिकायला याहून चांगली जागा नाही. फक्त त्या माणसाला कुणीतरी नीट शिकवलेलं असलं पाहिजे.

म्हणून पहिलं शिक्षण विजेचं. हे ऐकून तुमचा भाऊ नाक मुरडेल, मुरडू द्या.

२००५ च्या आसपासची गोष्ट. चोपड्याकडे एक लग्न, संगीतरजनीचा कार्यक्रम. जनरेटर थ्री फेजचा. एका फेजवर मंडपाचे हॅलोजन, दुसऱ्यावर पंखे-कूलर, तिसऱ्यावर आम्ही. जनरेटरवाल्याने न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, नुसतीच पिळून अडकवली होती, बोल्ट कसलाच नव्हता. मी तपासलं नाही, कारण ते माझं काम आहे असं तेव्हा मला वाटायचं नाही. तासाभराने थरथरून न्यूट्रल सुटली. न्यूट्रल सुटली की दोन फेजमधले ४१५ व्होल्ट त्यांच्यावरच्या लोडमध्ये वाटले जातात, आणि ज्या फेजवर लोड कमी तिच्या वाट्याला जास्त येतात. हॅलोजन मंद झाले आणि आमच्या मिक्सरमधून धूर निघाला. दोन ॲम्प्लिफायर आणि मिक्सर गेला, मालकाने माझी दोन महिन्यांची हजेरी कापली. चूक माझी होती, कापली ते बरोबरच. तेव्हापासून मल्टिमीटर खिशात असतो. सामान जोडायच्या आधी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ही तीन मापं घेतल्याशिवाय एकही पिन बोर्डात जात नाही, आणि न्यूट्रलचा बोल्ट मी स्वतःच्या हाताने हलवून बघतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. तुमच्या भावाला विचारा, स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर तो काय करतो. दहातले सात जण सांगतील की तीन पिनच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकतो. घूं जातो खरा. पण ती पिन माणूस वाचवायला असते. मिक्सर एका ठिकाणच्या विजेवर, स्टेजवरचा कीबोर्ड नाहीतर गिटारचा ॲम्प दुसऱ्या ठिकाणच्या विजेवर, त्यात एकाची अर्थ तोडलेली, असं झालं की गायकाचा ओठ माईकला लागताच झटका बसतो. पावसाळी हवेत ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असेल तर झटक्यावर निभावेलच असं नाही. घूं घालवायची बरोबर रीत म्हणजे स्टेज आणि मिक्सर दोन्हींना एकाच बोर्डातून वीज देणं, बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट आपोआप कापणारी) वापरणं आणि कीबोर्डला डीआय बॉक्स, म्हणजे त्याचा सिग्नल तशा केबलजोगा करणारी डबी, लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबणं. ते बटण फक्त सिग्नलच्या वायरची अर्थ तोडतं, विजेच्या प्लगची तशीच राहते. हा फरक ज्याला समजला त्याला मी स्टेजवर एकटं सोडतो.

हे सगळं सरकारी आयटीआयमध्ये शिकवतात. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकही दोन वर्षांचा, दहावीवर प्रवेश मिळतो आणि सरकारी आयटीआयची फी पत्रकातल्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. आयटीआय जळगावला, भुसावळला, धुळ्याला आणि तालुक्यातालुक्यातही आहेत. बारावी सायन्स झालेल्या पोराला आयटीआयला जायला कमीपणा वाटतो, घरच्यांना त्याहून जास्त वाटतो. वाटू देऊ नका. सोल्डरिंग, मल्टिमीटर, लोड काढणं, अर्थिंग हे हातात असलेला पोरगा साऊंडमध्ये कधी उपाशी राहत नाही. साऊंडमध्ये मन नाही रमलं तरी हातात ट्रेड उरतो. अभ्यास जमत असेल तर शासकीय तंत्रनिकेतनातला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा आणखी चांगला. माझ्या मते त्याच्यासाठी आयटीआय पुरे, कारण दिवसा वर्ग करून रात्री साऊंडवर जाता येतं.

आता रात्रीच्या शाळेबद्दल. मंडपवाल्याबरोबर तो जातोय तर जाऊ द्या, फक्त डीजेच्या वरातीपुरतं नको. वरातीत एक पेनड्राइव्ह आणि आठ बेस असतात, शिकण्यासारखं त्यात पहिल्या महिन्यातच संपतं. त्याला सप्ताहाला पाठवा.

अखंड हरिनाम सप्ताहाचं कीर्तन हा मला माहीत असलेला साऊंडचा सगळ्यात कठीण पेपर आहे. मधे कीर्तनकार, मागे वीस-पंचवीस टाळकरी, पखवाज, हार्मोनियम, चाल म्हणणारे दोन-तीन गायक. सगळे पंधरा फुटांच्या जागेत, सगळ्यांचे माईक उघडे, आणि गावाने वर्गणीतून बांधलेल्या सभामंडपाला पत्र्याचं छत. कीर्तनकार हळू आवाजात दृष्टान्त सांगत असतात तेव्हा शेवटच्या ओळीतल्या आजींना ऐकू आलं पाहिजे. पुढच्या क्षणी गजर सुरू होतो आणि टाळांचा आवाज प्रत्येक माईकमध्ये शिरतो. बुवा मधेच गर्रकन फिरतात, उडी मारतात, माईक धरून स्पीकरपुढे येतात आणि शिट्टी वाजते.

शिट्टी का वाजते हे इथे कळतं. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये, असा फेरा धरला की ती वाजते. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी आवाज वाढवायला मिळणारी जागा ३ डेसिबलने घटते. चाराचे आठ केले की ३ गेले, आठाचे सोळा केले की एकूण ६. म्हणून टाळकऱ्यांपुढचे चार माईक बंद करून टाका, टाळ तसेही साऱ्या गावाला ऐकू येतात. हे मला एका म्हाताऱ्या पखवाजवाल्यांनी सांगितलं, पुस्तकात मी ते फार नंतर वाचलं. ते म्हणाले होते, "आमना आवाज तुना मशीनवर नको वाढू, तू बुवाना सांभाळ." तेव्हापासून सप्ताहात मी पाचापेक्षा जास्त माईक उघडे ठेवत नाही.

शब्द कळावेत यासाठी काय हवं, तेही इथेच कळतं. बोलण्याचा गोडवा आणि वजन खालच्या सुरांत असतं, पण क, त, स, च ही व्यंजनं ओळखू येतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. पत्र्याखाली खालचा आवाज घुमत राहतो आणि व्यंजनं बुडतात. मागून ओरड येते, "भाऊ, मांगे आयकू येत नही!" नवशिका मग आवाज वाढवतो, घुमणं आणखी वाढतं आणि ऐकू आणखी कमी येतं. बऱ्याचदा करायचं एवढंच असतं की खालचा भाग कापायचा, इको बंद करायचा आणि मागे दोन छोटे कॉलम वेगळे लावायचे. इकोवर आपल्याकडच्या माणसांचं फार प्रेम आहे. निवेदकाला इको दिला नाही तर त्याला मशीन भंगार वाटतं. त्याला त्याच्यापुढच्या मॉनिटर स्पीकरमध्ये थोडा द्या, लोकांना देऊ नका.

मागच्या स्पीकरवरून आठवलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पण हा आकडा २० अंश तापमानाचा. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी पाचला चेकिंग करताना ४२ अंश असतात आणि तेव्हा वेग ३५६ मीटरच्या आसपास गेलेला असतो. स्टेजपासून ५० मीटरवर मागचे स्पीकर उभे केले तर पुढचा आवाज तिथे पोचेपर्यंत त्यांना थांबवावं लागतं, नाहीतर माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. दुपारी हे थांबणं १४० मिलिसेकंद येतं. रात्री उशिरा २५ अंशांवर तेच १४४ होतं. चार मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ दीड मीटर. चेकिंगला झकास वाटलेलं रात्री थोडं विस्कटतं, आणि कोर्स करून आलेला मुलगा सेटिंग कुणी हलवलं म्हणून हेल्परवर चिडतो. सेटिंग कुणी हलवलेलं नसतं.

ऊन मावळलं की आणखी एक होतं. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम, वरची गार, म्हणून आवाज वर वळतो आणि लांबवर पोचत नाही. रात्री उलट. जमीन लवकर निवते, वरची हवा ऊबदार राहते आणि आवाज खाली वाकून दोन-दोन शिवारं ओलांडतो. दुपारी शेजारच्या गावाला पत्ता नसतो, रात्री साडेनऊला तिथून फोन येतो. मिक्सरवरचा फेडर, आवाज कमी-जास्त करायची पट्टी, तिथेच असतो. तापीकाठच्या गावांत हिवाळ्यात हे मी कित्येकदा अनुभवलंय.

कायद्याचं एवढं लक्षात असू द्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेलं किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र. परवानगीचा कागद आयोजकाकडे असला तरी त्याची प्रत आपल्या खिशात ठेवायची, कारण पोलीस आले की आयोजक जेवायला गेलेला असतो.

सप्ताहासारख्याच आणखी काही फुकटच्या शाळा आहेत. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथे भावाला नुसतं ऐकायला बसवा आणि तानपुरा किती ठेवलाय, तबल्याचा बायाँ घुमतो की बोलतो, गायक माईकपासून लांब गेला की मिक्सरवरचा माणूस काय करतो ते बघायला सांगा. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावला असतं. हौशी संस्थांना पार्श्वसंगीत वाजवायला माणूस हवाच असतो, पैसे मिळत नाहीत, पण संहिता हातात धरून ठरलेल्या शब्दाला बरोबर आवाज सोडायची शिस्त लागते. विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव असतो. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत दर दहा मिनिटांनी नवा संघ, नवी वाद्यं. एका दिवसात इतकी जोडाजोड दुसरीकडे कुठे होत नाही.

आयटीआयची दोन वर्षं अशी गेली की मग पुणे, मुंबई किंवा नाशिकच्या एखाद्या भाड्याने सामान देणाऱ्या कंपनीच्या गोदामात लागायचं. माझ्या मते ही या धंद्याची खरी शिक्षणसंस्था. पहिले सहा महिने मिक्सरला हात लावू देत नाहीत. केबल पुसायच्या, तपासायच्या, गुंडाळायच्या, पेट्या ट्रकात लावायच्या, शोहून आलेलं सामान मोजून घ्यायचं. पोरं इथेच पळतात. पण तिथे ज्या सामानाचे फक्त फोटो पाहिलेले असतात ते रोज हाताखालून जातं. लाईन अरे, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरची माळ, टांगतात कसं, मोटरची वजन उचलायची मर्यादा किती, पिन अडकवली की दुसऱ्याने का तपासायची, हे बघता येतं. आपल्या भागात मी मंडपाच्या बांबूला दोरीने बांधलेले टॉप स्पीकर पाहिलेत, खाली बायका-पोरं बसलेली. टांगायचं काम गोदामात शिकल्याशिवाय कुणी करू नये.

गोदामात लागायचं कसं? ओळख असली तर बरं, नसली तर सरळ जाऊन उभं राहायचं. ते काय बघतात ते मला माहीत आहे, कारण मीही तेच बघतो. मी नव्या पोराला वीस केबल गुंडाळायला देतो. कोपराभोवती पिळून गुंडाळल्या की आतली तार पीळ धरते आणि चार महिन्यांत तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं गुंडाळलं की फेकली तर सरळ उलगडते. येत नसेल तर मी दाखवतो आणि मग दहाव्या केबललाही तो तसंच करतो का ते बघतो. पहिल्या तीन नीट आणि पुढच्या कशाही गुंडाळल्या तर मला कळायचं ते कळलं.

यानंतर कोर्स. आता त्याला उपयोग होईल, कारण आता त्याच्याकडे प्रश्न असतील. कॉम्प्रेसर, म्हणजे चढलेला आवाज आपोआप दाबणारी सोय, कशी चालते हे फळ्यावर शिकून विसरायला होतं. बुवांच्या गजरात आवाज फाटलेला ज्याने ऐकलाय तो ते एका तासात शिकतो. त्या वेळी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचारा. वर्षात लाईव्ह शोवर प्रत्यक्ष किती रात्री नेणार? एका मिक्सरवर किती विद्यार्थी बसतात? शिकवणारे मास्तर सध्या शो करतात की दहा वर्षांपूर्वी करायचे? उत्तरं मोघम आली तर चहा घेऊन परत या. सहा लाखांत जुनं पण चांगलं सामान घेऊन धंदा उभा राहतो, हेही डोक्यात असू द्या.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं नाव तुमच्या कानावर असेलच. तिथला साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नावाजलेला आहे, पण तो सिनेमाच्या आवाजाचा आणि प्रवेशाला पदवी लागते. सिनेमाची ओढ असेल तर जरूर जावं, आधी बीएस्सी पूर्ण करून. लाईव्हसाठी तो रस्ता नाही.

फुकटात मिळणारं शिक्षण मात्र आजच सुरू करता येईल. डान्टे म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून आवाज पाठवायची पद्धत, मोठ्या शोला आता तीच सर्रास चालते. तिचं प्रमाणपत्र ती बनवणारी ऑडिनेट कंपनी ऑनलाइन मोफत देते. बेहरिंगरच्या एक्स ३२ मिक्सरचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट उतरवता येतं. खरा मिक्सर न जोडताही सगळी पानं उघडून बघता येतात आणि आपल्या भागात हा मिक्सर जागोजागी भेटतो. ओपन साऊंड मीटर नावाचं मोजमापाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत गोरेगावला पाम एक्स्पो हे साऊंडच्या सामानाचं प्रदर्शन भरतं, तिथे सगळ्या कंपन्यांचं सामान एका छताखाली बघायला, हात लावायला मिळतं. भुसावळहून रात्रीच्या गाडीने जायचं, दिवसभर हिंडायचं, रात्रीच्या गाडीने परत.

इथे एक काम तुमचं, ताई. मिक्सरची माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात आणि आपली पोरं ती उघडतच नाहीत, यूट्यूबवर बघून बटणं दाबतात. तुम्ही शिक्षिका आहात. रोज दोन पानं त्याच्याकडून वाचून घ्या आणि मराठीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला विषय कळत नसला तरी चालेल, उलट बरंच. तुम्हाला कळेल असं त्याला सांगता आलं म्हणजे त्याला समजलं. माझ्याकडच्या पोरांत जो सगळ्यात पुढे गेला त्याला मराठी शाळेतल्या एका बाईंनी अशीच इंग्रजीची गोडी लावली होती. आज तो परदेशी दौऱ्यांवर मॉनिटर सांभाळतो.

आता दोन गोष्टी, ज्या कुठलंच पत्रक सांगणार नाही. पहिली कानांची. ८५ डेसिबल आठ तास सोसतं असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. ८८ ला चार तास, ९४ ला एकच तास, १०० ला पंधरा मिनिटं. वरातीत बेसपुढे चालणारं पोर रोज किती कान गमावतं याचा हिशेब तुम्हीच करा. गेलेलं परत येत नाही. माझ्या डाव्या कानात २०११ पासून बारीक शिट्टी आहे, घरात शांतता झाली की ऐकू येते. त्याला इअरप्लग आजच घ्या, दोन-तीनशे रुपयांचे चालतील, आणि एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, करून त्याचा कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी परत करायची.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आमच्या धंद्यात माणसं विजेने मरतात त्याहून जास्त पहाटेच्या पिकअपमध्ये मरतात, हे माझं डोळ्यांनी पाहिलेलं मत. कार्यक्रम साडेबाराला संपतो, सामान भरायला दोन वाजतात, ड्रायव्हर दिवसभर जागा असतो, कधी प्यालेला असतो, आणि पोरं मागे स्पीकरच्या पेट्यांवर झोपतात. त्याला सांगा, पेट्यांवर बसून यायचं नाही. मंडपात झोप, सकाळच्या एसटीने ये. मालक चिडला तर मालक बदल. या एका गोष्टीवर मोठी बहीण म्हणून तुम्ही अडून बसा.

पैशाचं थोडक्यात. मी आज हेल्परला रात्रीचे ७०० देतो, मिक्सरवर बसणाऱ्याला दोन ते तीन हजार. लग्नसराई, गणपती, नवरात्र, निवडणुका या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढ-श्रावणात सुपाऱ्या कमी, सप्ताहांवर भागवायचं. मोठ्या शहरात चांगल्या मॉनिटरवाल्याला याच्या कितीतरी पट मिळतात, पण तिथवर पोचायला सात-आठ वर्षं लागतात. घर चालवायला पक्कं उत्पन्न हवं असेल तर देवस्थानं, सभागृहं, कॉलेजं यांच्यात कायमची साऊंड सिस्टिम बसवायचं काम शिकावं. ते दिवसाचं काम असतं, तिथे आयटीआयचा कागद उपयोगी पडतो आणि पुढे अविक्सा या ऑडिओ-व्हिडिओ क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीटीएस प्रमाणपत्र काढलं तर मोठ्या कंपन्या दारात उभं करतात. रात्रीची नशा त्यात नाही, त्यामुळे पोरांना ते रटाळ वाटतं. मीही आता निम्मं काम तेच करतो.

आयटीआयच्या प्रवेशाची तारीख निघून जाऊ देऊ नका, फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तोवर त्याची परीक्षा घ्यायला मी तयार आहे. येत्या सप्ताहाला आमचं सामान एरंडोलकडच्या एका गावात सात दिवस लागतंय. त्याला पहिल्या दिवशी दुपारी तीनला पाठवा, कीर्तनाच्या वेळी नको. सातही दिवस टिकला तर पुढचं बोलू. येताना बूट घालून यायला सांगा, चपलेवर मी कुणाला जनरेटरजवळ जाऊ देत नाही.